अंगणात आठ टनांचं बिऱ्हाड: 'लांबच्या' गाडीवाल्यांसाठी गेस्टहाऊस चालवताना

माडाखालची | शुक्र, १४/११/२०२५ - २१:४०

भाताची झोडणी आटपली, आज जरा पाय पसरून बसले. बरेच दिवस लिहायचं मनात होतं.

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटं. २०१९ मध्ये मागच्या गोठ्याच्या जागी तीन खोल्या बांधल्या, न्याहारी-निवास योजनेत नोंदवल्या, एसी बसवले, बँकेचा हप्ता सुरू केला. डोळ्यासमोर पुण्या-मुंबईची कुटुंबं होती. ती आली, अजून येतात, हप्ता त्यांच्यावरच फिटतो. पण हा धागा त्यांच्याबद्दल नाही.

जानेवारी २०२० मध्ये एका तिन्हीसांजेला फाटकाशी मोटरसायकल थांबली. जर्मन नंबरप्लेट, दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियमचे डबे, वर लाल धुळीने माखलेली पन्नाशीची बाई. खोलीचा दर विचारलाच नाही. विचारलं काय, तर सपाट फरशी आहे का आणि पाणी कुठे मिळेल. चेन सैल झाली होती, ती ताणायची होती. खोली दाखवली तर छान म्हणाली आणि पडवीत तंबू ठोकला. चार दिवस राहिली. जाताना 'आयओव्हरलँडर' ह्या अ‍ॅपवर आमच्या फाटकाचे अक्षांश-रेखांश टाकून गेली. तेव्हापासून स्वतःच्या गाडीने देशोदेशी फिरणारे असे लोक येतात. आमच्या घरात त्यांना 'लांबचे' म्हणतात. नाव सासूबाईंनी पाडलंय. शनिवार-रविवारवाले ते 'जवळचे'.

लांबच्यांना खोली नको असते, कारण घर ते बरोबर घेऊनच फिरतात. त्यांना हवी असते कोणी हटकणार नाही अशी जागा, नळ, कपडे धुवायचा दगड, पार्सल मागवायला पत्ता, आणि 'कधी निघणार?' असं सकाळ-संध्याकाळ न विचारणारा घरमालक. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मार्च २०२० मध्ये एक स्विस जोडपं आलं, दोन रात्रींसाठी. दोघं साठीच्या पुढचे. गाडी म्हणजे जुना लष्करी ट्रक, त्यावर बांधलेली खोली, वजन आठ टन. गल्लीतून आत घ्यायला पाऊण तास लागला. केबलची वायर आडवी येत होती, तर शेजारचा दादा आंबे काढायची घळ घेऊन आमच्या कौलांवर चढला आणि वायर उचलून धरली. खालून तो स्विस म्हातारा हाताने इंच इंच दाखवतोय, बायको स्टिअरिंगवर, निम्मा वाडा गडग्यावर बसून बघतोय. सासूबाई बाहेर आल्या, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "गो, ह्यो ट्रक न्हय, बिऱ्हाड आसा!" ट्रक आत आला, फक्त गटारावरची फरशी मधोमध मोडली.

पाच दिवसांनी, २५ मार्चला, देश बंद झाला.

दोन रात्रींचे पाच महिने झाले. सुरुवातीला गावात कुरकुर झाली, आणि ती समजण्यासारखी होती. परदेशी म्हणजे रोग असंच तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. आरोग्य केंद्राची माणसं येऊन तपासून गेली, चौदा दिवस ती दोघं फाटकाबाहेर पडली नाहीत, मग लोक निवळले. सरकारने परदेशी लोकांच्या व्हिसाची मुदत वाढवून दिली, ते एक बरं झालं. एप्रिलपासून मी पैसे घेणं बंद केलं. 'जवळचे' नाहीत, 'लांबचे' हलू शकत नाहीत, दर तरी कसला लावायचा? त्या स्विस म्हाताऱ्याने मग मोडलेल्या गोठ्याचे वासे घेऊन एक दणकट बाकडं केलं आणि त्यावर माझ्या सासऱ्यांचा गंजलेला वाइस (काम करताना वस्तू घट्ट धरणारी लोखंडी पकड) तेलपाणी करून बसवला. वर पत्र्याची शेड नवऱ्याने आणि त्याने मिळून उभारली. ऑगस्टअखेर ते मुंबईला गेले, तिथून ट्रक बोटीने युरोपला.

आता गंमत अशी की लोक येतात ते त्या बाकड्यासाठी. तीन एसी खोल्यांचे फोटो कोणी बघत नाही. अ‍ॅपवर पहिलं वाक्य असतं, 'चांगला वाइस आहे.'

प्रश्न दोन आहेत. एक, अंगणाचा दर कसा लावायचा? सध्या गाडीमागे रात्रीला ६०० घेते, नळ-न्हाणीघर त्यातच. दुसरा, दोघांनी विचारलंय की गाडी पावसाळाभर तुमच्या शेडमध्ये ठेवून आम्ही विमानाने घरी जाऊ का. ठेवावी का?

शनिवारपेठी | शुक्र, १४/११/२०२५ - २२:१५

धागा आवडला, घळीचा प्रसंग विशेष. पण हिशोब सांगतो, राग नसावा. आमच्यासारखं कुटुंब दोन खोल्या घेतं, २५०० दराने दोन रात्री, म्हणजे १०,००० झाले, मासे वेगळे. तुमचा ट्रक चौदा रात्री राहिला तर ८४००, आणि वर फरशी मोडणार. ह्याला धंदा म्हणत नाहीत, ह्याला हौस म्हणतात.

माडाखालची | शुक्र, १४/११/२०२५ - २२:५२

@शनिवारपेठी, राग कसला, नवरा हेच म्हणतो. पण तुम्ही शुक्रवारी रात्री येता आणि रविवारी जेवून निघता. सोमवार ते गुरुवार खोल्यांत फक्त पाली असतात. लांबचे नेमके तेव्हाच असतात. उलट शनिवारी स्पीकर लागला की ते आपणहून दोन दिवस कुणकेश्वरकडे नाहीतर आचऱ्याकडे सरकतात. खोली त्यांना लागत नाही, अंगण तुम्हाला लागत नाही. भांडण फक्त न्हाणीघरावरून होतं.

वंगणकाका | शनि, १५/११/२०२५ - ०७:०५

ताई, मी कोल्हापूरला गॅरेज चालवतो, तीस वर्षं झाली. असली गिऱ्हाइकं गोव्याकडे उतरताना आमच्याकडे थांबतात. तुमच्या बाकड्याशेजारी काय ठेवायचं ते सांगतो.

पहिलं, बेअरिंगचे नंबर ओळखायला शिका. परवा एक जण आला, जुनी जपानी गाडी, पुढच्या चाकाचं बेअरिंग खडखडत होतं. मोबाईलवर कंपनीचा पार्ट नंबर दाखवत होता, परदेशातून यायला महिना लागेल म्हणाला, चेहरा रडवेला. मी बेअरिंग काढून पुसलं, कडेला ६२०३ कोरलेलं. अरे, हे तर पाण्याच्या मोटरीत असतं! रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानातून जोडी आणली, तासाभरात चाक बसलं. तो माझ्याकडे असा बघत होता की मी जादू केली. बेअरिंगला गाडी कुठली ते कळत नाही, त्याला माप कळतं. सगळीच बेअरिंगं अशी मिळत नाहीत, पण आधी नंबर बघावा, मग रडावं.

दुसरं, इंजिन ऑइल. लोक अंगणातच बदलतात. एका गाडीचं चार लिटर काळं तेल माडाच्या आळ्यात गेलं तर माड सांगून जात नाही, हळूहळू जातो. रिकामे कॅन ठेवा, गॅरेजवाला ते तेल घेऊन जातो.

तिसरं, पेट्रोल. आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांची रबरं फुगतात, नळ्या मऊ पडतात. गाडी शेडमध्ये महिनोन्‌महिने ठेवणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करूनच ठेवायला सांगा.

रेड्डीचा_रेडा | शनि, १५/११/२०२५ - ०९:३०

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला होमस्टे चालवतो, माझेही दोन आणे.

सी फॉर्म भरता ना? परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. आमच्याकडे एक जण म्हणत होता, मी तुझ्या खोलीत झोपलोच नाही, माझ्या गाडीत झोपलो, मग फॉर्म कशाला? मी ऐकत नाही. माझ्या फाटकाच्या आत झोपला म्हणजे माझा पाहुणा. पासपोर्ट, व्हिसा, एंट्रीचा शिक्का, तिन्हींचा फोटो काढतो, मगच चहा. फॉर्ममध्ये पुढचा मुक्काम विचारतात. ह्या लोकांना तो माहीतच नसतो! एकाला विचारलं तर म्हणाला, "बहुतेक पूर्वेला." 'बहुतेक पूर्वेला' असं गाव त्या यादीत नाही.

गाडी ठेवण्याबद्दल: ठेवू नका. ह्या गाड्या कार्नेवर येतात. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्टच, प्रत्येक देशाला एक पान, आत येताना एक तुकडा फाडतात, बाहेर जाताना दुसरा. गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर गेली नाही तर जकात मागतात. भारतात ही मुदत साधारण सहा महिने. मुदत संपली की निस्तरायचं गाडीवाल्याने हे खरं, पण तो असतो बर्लिनला आणि गाडी तुमच्या शेडमध्ये. विचारायला माणूस तुमच्याच दारात येणार.

माडाखालची | शनि, १५/११/२०२५ - १३:१०

@रेड्डीचा_रेडा, फॉर्म भरते, पहिल्या दिवसापासून. पोलीस पाटलांनाही सांगून ठेवते, म्हणजे रात्री कोणी "तुमच्याकडे ट्रक कसला?" म्हणून येत नाही. कार्नेच्या मुदतीचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि इथल्या पावसात गाडी ठेवायची तर सीटला बुरशी येणार, उंदीर वायरी खाणार, ते वेगळंच. नाही म्हणून कळवते.

@वंगणकाका, ६२०३ वहीत लिहून घेतलं. आमच्या विहिरीच्या मोटरीचंही तेच निघालं.

निळीशाई | शनि, १५/११/२०२५ - १३:४८

एक भाबडी शंका. ह्या फिरत्या घरांत संडास असतो ना? तो रिकामा कुठे करतात? (जेवणाच्या वेळेला विचारल्याबद्दल क्षमस्व.)

माडाखालची | शनि, १५/११/२०२५ - १४:३५

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. ह्याचा फटका मी खाल्लाय.

बहुतेकांकडे पेटीचा संडास असतो. सुटकेससारखी पेटी ओढून काढतात आणि नेऊन ओततात. वास येऊ नये म्हणून त्यात निळं रसायन घालतात. दुसऱ्या वर्षी तीन गाड्या एकदम होत्या, दहा दिवस रोज पेट्या आमच्या सेप्टिक टाकीत ओतल्या गेल्या. मला वाटलं, टाकीच तर आहे. दहाव्या दिवशी वास सुटला तो पार रस्त्यापर्यंत, आणि नेमकी खोल्यांत ठाण्याची दोन कुटुंबं. ते रसायन जंतू मारतं, आणि टाकीत मैला कुजवणारे असतात ते जंतूच. टाकी मेली होती. उपसून घेतली, बादलीभर शेण कालवून ओतलं, महिन्याने ताळ्यावर आली.

आता बागेच्या खालच्या टोकाला, विहिरीच्या खालच्या उतारावर, वेगळा खड्डा केलाय. रसायनवाली पेटी तिथेच. काही जण हल्ली रसायन वापरत नाहीत, लघवी वेगळी काढून बाकीच्यावर नारळाचा भुसा टाकतात. त्यांना मी चहा फुकट देते. भुसा आमच्याकडे मोप.

पाण्याचंही तसंच. ट्रकची टाकी २०० ते ३०० लिटरची. डिसेंबरात काही वाटत नाही, एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो. मार्च लागला की गाडीमागे ५० लिटर, त्यावर नाही.

मोंबासा_मिरज | शनि, १५/११/२०२५ - १९:२०

केनियात सहा वर्षं होतो. नैरोबीत 'जंगल जंक्शन' म्हणून ह्या मंडळींचा प्रसिद्ध अड्डा आहे. मित्राबरोबर दोनचारदा गेलो होतो. हिरवळीवर तंबू आणि गाड्या, बाजूला वर्कशॉप, गाडी ठेवून मायदेशी जाऊन यायची सोय. आफ्रिका उभी ओलांडणारा तिथे थांबतोच. खोल्याही आहेत, पण लोक येतात ते वर्कशॉपसाठी आणि एकमेकांसाठी. उत्तरेहून आलेला दक्षिणेकडे निघालेल्याला रस्ते सांगतो, उरलेलं चलन बदलून घेतात.

ताई, तुमचं बाकडं म्हणजे तेच, लहान प्रमाणात. त्याचा वेगळा दर लावा. रात्रीचे ६०० आणि बाकड्याचे दिवसाला काहीतरी.

माडाखालची | शनि, १५/११/२०२५ - १९:५५

@मोंबासा_मिरज, बाकड्याचे पैसे घ्यायला जीव होत नाही, ते मी केलेलं नाही.

शनिवारपेठी | शनि, १५/११/२०२५ - २०:०२

म्हणूनच म्हटलं, हौस.

पुढचा_गिअर | रवि, १६/११/२०२५ - १०:४०

पाहुण्याच्या बाजूने लिहितो. २०२३ मध्ये पामीर हायवे (मध्य आशियातला, ताजिकिस्तानातून जाणारा डोंगरी रस्ता) केला, हिमालयन मोटरसायकलवर नव्हे, किर्गिझस्तानात ओश येथे भाड्याने घेतलेल्या गाडीवर. मुर्गाबच्या अलीकडे अक-बैताल खिंड लागते, ४६५५ मीटर. वर गारांनी झोडपलं, खाली उतरलो तेव्हा बोटं वळत नव्हती. एका घरात थांबलो. त्या बाईने पासपोर्ट मागितला नाही, दर सांगितला नाही, आधी हातमोजे काढून घेतले आणि चुलीमागे वाळत टाकले. मग चहा. दर सकाळी सांगितला आणि मी न बोलता दिला.

दमलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत फक्त तीन गोष्टी कळायला हव्यात: गाडी कुठे लावू, पाणी कुठे आहे, झोपू कुठे. वायफायचा पासवर्ड, न्याहारीची वेळ, योगाचे वर्ग, सगळं नंतर. गोव्याकडच्या एका ठिकाणी हेल्मेट काढायच्या आधी माझ्या हातात स्कूबाची जाहिरात दिली होती.

रेड्डीचा_रेडा | रवि, १६/११/२०२५ - ११:१५

@पुढचा_गिअर, हातमोज्यांचं पटलं. पण आपल्याकडे पासपोर्ट आधी, हातमोजे नंतर. चोवीस तास असतात हे खरं, पण पहाटे न सांगता निघून जाणारे मी पाहिलेत.

आजोबा_आंबोली | रवि, १६/११/२०२५ - १६:३०

तुम्ही नवीन म्हणता ते आम्ही पूर्वी पाहिलंय. १९७० च्या दशकात मी पणजीला नोकरीला होतो. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत युरोपातल्या जुन्या बसगाड्या गोव्यात यायच्या, हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यावर लागायच्या. रंगवलेल्या, खिडक्यांना पडदे. किनाऱ्यावरच्या कोळणी त्यांना मासे विकायच्या आणि मोबदल्यात गॅसची रिकामी टाकी, घोंगडी, काय वाट्टेल ते घ्यायच्या. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या, आणि तो रस्ताच मिटला. बसगाड्या यायच्या बंद झाल्या. पुढे लोक विमानाने येऊ लागले, पण विमानाने येणारा माणूस वेगळा. त्याला परतीची तारीख असते.

माडाखालची | रवि, १६/११/२०२५ - २१:१०

आजोबा, हे वाचून सासूबाईंना दाखवलं. त्यांनी पण लहानपणी अशी बस पाहिलीय म्हणे, मालवणात.

रस्ता मिटण्यावरून: यंदा आम्हालाही तेच जाणवतंय. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिलमध्ये पाकिस्तान सीमेवरची अटारीची चौकी बंद झाली, म्हणजे युरोपातून रस्त्याने यायची नेहमीची वाट बंद झाली. तिकडे म्यानमार २०२१ च्या लष्करी उठावापासून अवघडच. आता येतात ते बहुतेक गाडी बोटीत घालून, नाहीतर इथे येऊन गाडी विकत घेणारे. मागच्या हंगामात दिवाळीपर्यंत अकरा परदेशी पाट्या लागल्या होत्या, यंदा दोन.

पण आपलेच लांबचे वाढलेत. बंगळूर, केरळ, इंदूरची पोरं, छतावर तंबू असलेल्या थार, बायको-मुलांसकट कन्याकुमारी ते लेह निघालेले. त्यांनाही बाकडंच लागतं. फरक एवढाच की ते सासूबाईंशी बोलायला बघतात आणि दुसऱ्या दिवशी घावणे मागतात. परदेशी तिसऱ्या दिवशी मागतात.

माडाचं सांगायचं राहिलं. छतावरच्या तंबूवाल्यांना सावली दिसली की ते थेट माडाखाली गाडी लावतात. परवा इंदूरच्या एका पोराने लावली. सासूबाई धावत आल्या, "माडाखाली लावू नको म्हणान सांग तेका!" तो म्हणाला, आजी, फक्त एक रात्र. त्यावर त्या म्हणाल्या, "नारळ काय रात्री मोजून पडना नाय." त्याला शब्द कळले नाहीत, पण त्याने वर बघितलं आणि गाडी हलवली. पहाटे त्याच जागेवर धप्पकन आवाज आला. त्याने नारळ उचलून आणला, फोडून घेतला आणि एक रात्र जास्त राहिला.

शनिवारपेठी | रवि, १६/११/२०२५ - २१:३४

त्या जास्तीच्या रात्रीचे ६०० घेतलेत ना?

माडाखालची | रवि, १६/११/२०२५ - २१:४१

घेतले. नारळाचे नाही घेतले.

सागरीरस्ता | सोम, १७/११/२०२५ - ०८:५०

मोठ्या गाडीवाल्यांना एक सांगून ठेवा. मुंबईकडून किनाऱ्याने खाली येताना दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगडला जंगलजेटीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) गाडी चढवावी लागते. ओहोटीला जेटीचा उतार तीव्र होतो, मागचा भाग लांब असेल तर बुड घासतं. भरतीची वेळ बघून यायला सांगा. आमच्या डोळ्यांदेखत एकाची मागची शिडी गेली.

माडाखालची | मंगळ, १८/११/२०२५ - २०:२५

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: अंगण ७००, पाणी आणि न्हाणीघर त्यात. आठवडाभर राहिलात तर सातवी रात्र माफ. बाकड्याला दर नाही, बाजूला डबा ठेवलाय, त्यात वाटेल ते टाका. गाडी पावसाळ्यात ठेवून घेत नाही. ऑइलचे कॅन आणि निळ्या पेटीचा खड्डा ह्यांची पाटी नवऱ्याने रंगवलीय, चित्रांसकट. खड्ड्याचं चित्र बघून पोस्टमन अर्धा तास हसत होता.

आज दुपारी मेल आलाय. एक फ्रेंच कुटुंब, दोन मुलं, ट्रक बोटीने मुंबईला उतरवलाय, पुढच्या आठवड्यात येतात. उंची ३.७० मीटर. लगेच बांबूला खुणा करून गल्ली मोजली. केबलची वायर ह्या वेळी प्रश्न नाही, ती मागच्या वादळात गेली ती गेलीच. पण घरात येणारी विजेची सर्व्हिस वायर वळणावर ३.६० ला लोंबतेय, आणि तिथे काही घळ चालायची नाही. लाईनमनला फोन केला, ओढून घेतो म्हणाला, मंगळवारी येतो. कुठला मंगळवार ते विचारायचं राहिलं.